देवळाच्या कमानी आणि आगगाडीचें स्थानक : वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचें अल्पचरित्र



आपल्या भोर तालुक्यांतील नसरापूरजवळचें बनेश्वराचें देवालय आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. नानासाहेब पेशव्यांनीं तें १७४९ सालीं बांधविलें. तेथें एक जुनी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रुसाचें चिन्ह व १६८३ हें साल आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकल्यावर पोर्तुगीज मुलखांतून ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकींच ही एक, असें सांगतात. एके काळीं जी भाविकांना मिस्साबलिदानासाठीं हांक मारीत असे, ती आज निराळ्या उपासकांच्या हातांनीं वाजते. परंतु तिचा नाद बदललेला नाहीं. ज्या कारागिरानें ती ओतली, त्यानें तिच्यांत घातलेला सूरच ती अजून देते.

एखादी वस्तु एका घरांतून दुसऱ्या घरांत जाते आणि तरीहि आपल्या मूळ घराची साक्ष देत राहते, याचें याहून मोठें उदाहरण मुंबईंत आहे. पुण्याहून आगगाडीनें मुंबईस जाणारा मनुष्य शेवटीं ज्या स्थानकांत उतरतो, तें आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. वडील मंडळींच्या तोंडीं अजूनहि बोरीबंदर किंवा व्ही. टी. मी सेमिनरींत विद्यार्थी असतां पहिल्यांदा तेथें उतरलों. गर्दीच्या लोंढ्याबरोबर तिकिटघराच्या दालनांत शिरलों आणि सहज वर पाहिलें. तों निळ्या छतावर सोनेरी तारे, दगडी फासळ्या, टोकदार कमानी आणि रंगीत कांचा! माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. क्रुसाची खूण अर्धी झाल्यावर ध्यानांत आलें कीं, समोर वेदी नाहीं, तिकिटांची खिडकी आहे. बरोबरचे सोबती पुष्कळ हसले व मीहि हसलों. परंतु देवाच्या घराचा हा पोशाख आगगाडीच्या अंगावर कोणीं व कां चढविला, हा प्रश्न मनांत तसाच राहिला.

यंदां आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची तयारी चालू असतां तो प्रश्न पुन्हां वर आला. एका सभेंत कांहीं उत्साही मंडळींनीं सुचविलें कीं, आपल्या साध्या कौलारू ख्रिस्तमंदिरापुढें सिमेंटाचे दोन उंच मनोरे उभारावे, खिडक्यांवर टोकदार कमानी बसवाव्या आणि सगळ्याला दगडासारखा रंग द्यावा. म्हणजे आपलें मंदिर युरोपांतील महामंदिरांसारखें दिसूं लागेल. या सूचनेमागची भक्ति खरी होती. म्हणूनच त्या दिवशीं मीं घाईनें होकारहि दिला नाहीं आणि नकारहि दिला नाहीं. ज्या पुरुषानें महामंदिरांची ही शिल्पपद्धति आपल्या प्रांतांत सर्वांत भव्य प्रमाणावर उभी केली, त्याचें चरित्र या स्मरणिकेंत सांगावें आणि तेंच माझें उत्तर समजावें, असें मीं ठरविलें.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ सालीं इंग्लंडमधील बाथ या नगरांत झाला. बाथ हें उष्णोदकाच्या झऱ्यांसाठीं रोमन लोकांच्या काळापासून प्रसिद्ध असलेलें ठिकाण. नगराच्या मध्यभागीं एक भव्य ख्रिस्तमंदिर आहे. बिशप ऑलिव्हर किंग यांनीं १४९९ च्या सुमारास तें नव्यानें बांधावयास घेतलें, तेव्हां तें संत बेनेडिक्टाच्या संघांतील मठवाशांचें कॅथलिक मंदिर होतें. पुढें आठव्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत, १५३९ सालीं, तो मठ बंद झाला व मंदिर इंग्लंडच्या राजमान्य पंथाकडे गेलें. मात्र त्याच्या दर्शनी भिंतीवरील कोरीव काम तसेंच राहिलें. तेथें दरवाज्याच्या दोन्ही बाजूंस दोन उंच दगडी शिड्या कोरलेल्या असून देवदूत त्यांवरून चढत-उतरत आहेत. कुलपिता याकोबाला पडलेलें स्वप्न त्या मठवाशांच्या पाथरवटांनीं दगडांत लिहून ठेविलें आहे. स्टीव्हन्स यांचें बाळपण या शिड्यांच्या छायेंत गेलें.

१८६२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, ते त्याच नगरांतील चार्ल्स डेव्हिस या वास्तुशिल्प्याच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागले. ही उमेदवारी पांच वर्षें चालली. याच काळांत, १८६४ पासून, त्या मंदिराचा जीर्णोद्धार सुरू होता. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे इंग्लंडांतील त्या वेळचे अग्रगण्य शिल्पी तें काम पाहत होते, आणि मंदिराच्या मुख्य दालनावर पंख्याप्रमाणें पसरत जाणाऱ्या फासळ्यांचें दगडी छत नव्यानें चढत होतें. तीनशें वर्षांपूर्वीं अपुरी राहिलेली विद्या गांवाच्या डोळ्यांदेखत पुन्हां हातीं घेतली जात होती. शिल्पविद्येच्या उमेदवारास याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

ही विद्या कोणती, हें थोडक्यांत समजून घेतल्यावांचून स्टीव्हन्स यांचें पुढील कार्य कळणार नाहीं. बिशपांचें आसन ज्या मंदिरांत असतें त्यास कॅथीड्रल, म्हणजेच महामंदिर, म्हणतात. बाराव्या शतकाच्या पूर्वीं युरोपांतील मंदिरें अर्धवर्तुळाकार कमानींचीं असत. तसली कमान वरचें ओझें पेलतांना आपल्या दोन्ही पायांना बाहेरच्या अंगास जोरानें रेटते. तो रेट सोसण्याकरितां भिंती फार जाड कराव्या लागत, आणि जाड भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवतां येत नसत. त्यामुळें मंदिराच्या आंत अंधार असे. फ्रान्समधील सेंट-देनी येथील मठाधिपति सुझे यांना देवाच्या घरांत प्रकाश हवा होता. त्यांनीं आपल्या मंदिराच्या वेदीकडील भाग नव्या रीतीनें बांधविला व ११४४ सालीं त्याचा अभिषेक झाला. तेथून ही पद्धति पॅरिस, शार्त्र, रीम्स, आम्याँ अशी पसरत गेली. पुढच्या काळांतील विद्वानांनीं तिला हेटाळणीनें गॉथिक, म्हणजे गॉथ नांवाच्या रानटी टोळ्यांची पद्धति, असें म्हटलें. त्या टोळ्यांशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. परंतु नांव चिकटलें तें चिकटलें.

या पद्धतीचें पहिलें अंग म्हणजे टोकदार कमान. आपल्या डोंगरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवरहि अशा कमानी आपण पाहतों. ही कमान आपलें ओझें अधिक सरळ खालीं उतरविते व बाहेरचा रेट कमी करिते. शिवाय दोन खांबांमधलें अंतर कमी-अधिक असलें, तरी कमानींची उंची सारखी राखतां येते. दुसरें अंग म्हणजे फासळ्यांचें छत. दगडाच्या बारीक फासळ्या प्रथम एकमेकींस छेदून उभ्या करावयाच्या आणि मधल्या जागा हलक्या दगडांनीं भरावयाच्या. मग छताचें सारें ओझें फासळ्यांवाटे नेमक्या खांबांवर येतें. तिसरें अंग म्हणजे उडत्या आधारकमानी. पावसाळ्यांत घराची भिंत कलूं लागली कीं आपण बाहेरून तिला लांकडी टेकू देतों. त्याचप्रमाणें या मंदिरांच्या बाहेर मजबूत खांब उभे असतात आणि त्यांच्यापासून निघालेली अर्धी कमान हवेंतून जाऊन उंच भिंतीस आधार देते. त्या खांबांच्या माथ्यावर ज्या निमुळत्या शिखरिका दिसतात, त्या शोभेच्या वाटतात. परंतु त्यांच्या वजनानें खालचा खांब जागच्या जागीं घट्ट राहतो.

ओझें असें खांबांवर व आधारकमानींवर गेल्यामुळें भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागीं कांच आली. शार्त्र येथील महामंदिर ११९४ सालीं आगीनें जळाल्यानंतर लोकांनीं तें पुन्हां उभें केलें. त्याच्या रंगीत खिडक्यांत प्रभु येशू ख्रिस्ताचें चरित्र, देवमातेचा महिमा व संतांच्या कथा आहेत. ज्यांना अक्षर येत नव्हतें, त्यांचा धर्मग्रंथ तो. त्याच खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत रोटी भाजणारे, जोडे शिवणारे व गाड्यांचीं चाकें करणारे कारागीर आपापल्या कामांत गुंतलेले दाखविले आहेत. पश्चिमेकडील भिंतीवर गुलाबपुष्पाच्या आकाराचें प्रचंड गवाक्ष असतें. मंदिराचा पायाच क्रुसाच्या आकाराचा असून वेदी बहुधा पूर्वेस असते. छपरावरचें पाणी भिंतीवर पडूं नये म्हणून विचित्र प्राण्यांच्या मुखांच्या पन्हळी लांब बाहेर काढलेल्या असतात. आपल्या वेल्ह्याच्या पावसांत ज्यानें चार महिने पागोळ्या पाहिल्या आहेत, त्यास या पन्हळींचें महत्त्व सांगावयास नको.

तात्पर्य, या महामंदिरांत निरुद्योगी असा एकहि अवयव नसतो. जें सुंदर दिसतें तें कोठें तरी ओझें वाहतें, पाणी काढतें, प्रकाश देतें किंवा शिकविते. आणि जेथें उंचीचा हव्यास आधाराच्या पुढें गेला, तेथें शिक्षाहि मिळाली. बोव्हे नगरांतील लोकांनीं सुमारें ४८ मीटर उंचीचें छत उभारिलें. तें १२८४ सालीं कोसळलें. दगडाला अभिमान कळत नाहीं, वजन कळतें.

आतां चरित्राकडे वळूं. १८६७ सालीं स्टीव्हन्स हिंदुस्थान सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांत निवडले जाऊन या देशांत आले. त्यांची पहिली नेमणूक झाली ती आपल्या पुण्यास. वय अवघें वीस वर्षांचें. लौकरच त्यांची मुंबईस बदली झाली आणि तेथें जनरल जेम्स फुलर यांच्या हाताखालीं ते काम करूं लागले. ती वेळ मोठी विलक्षण होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत मुंबईच्या किल्ल्याचा जुना तट पाडला गेला होता. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें इंग्लंडास हिंदुस्थानच्या कापसाची गरज लागली व मुंबईंत अमाप पैसा आला. मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेनें उच्च न्यायालय, विश्वविद्यालय, सचिवालय अशा इमारती एकामागून एक गॉथिक पद्धतीनें उठूं लागल्या. विश्वविद्यालयाचें सभागृह व राजाबाई मनोरा यांचे नकाशे बाथच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या त्याच स्कॉट यांनीं काढले. परंतु त्यांनीं ते इंग्लंडांत बसून काढले, हिंदुस्थानांत त्यांनीं कधीं पाऊल ठेविलें नाहीं. स्टीव्हन्स मात्र येथेंच राहिले. येथील ऊन, येथील पाऊस, येथील दगड आणि येथील पाथरवट यांच्या सहवासांत त्यांचीं तेहतीस वर्षें गेलीं. त्यांच्या कामांत जो जिवंतपणा दिसतो, त्याचें मूळ मला या सहवासांत वाटतें.

त्यांच्या नांवाचा बोलबाला झाला तो खलाशांसाठीं बांधलेल्या रॉयल आल्फ्रेड गृहामुळें. १८७० सालीं त्याची कोनशिला बसली व १८७६ सालीं तें पूर्ण झालें. दूरच्या समुद्रांतून आलेल्या दमल्याभागल्या खलाशांना विसावा मिळावा, हा त्या घराचा हेतु. पुढें कित्येक वर्षें या इमारतींत विधिमंडळ भरत असे. आज तेथें महाराष्ट्राच्या पोलिस दलाचें मुख्य कार्यालय आहे.

यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें आपलें मुख्य कार्यालय व स्थानक बांधण्याचें काम स्टीव्हन्स यांच्यावर सोंपविलें. हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली होती. त्याच जागेजवळ हें स्थानक व्हावयाचें होतें. काम हातीं घेण्यापूर्वीं स्टीव्हन्स यांनीं सुमारें दहा महिन्यांची रजा घेऊन युरोपांतील स्थानकें व प्राचीन इमारती पाहिल्या. वयाच्या तिशींत, नांव झालेलें असतां, पुन्हां विद्यार्थी होण्याची ही नम्रता मला त्यांच्या चरित्रांतील फार मोलाची गोष्ट वाटते. लंडनमधील सेंट पॅन्क्रस स्थानकाचें गॉथिक पद्धतीचें विश्रामगृह स्कॉट यांनींच उभारिलें होतें, आणि त्याचा ठसा मुंबईच्या इमारतीवर उमटलेला स्पष्ट दिसतो.

१८७८ सालीं बांधकामास आरंभ झाला. तें दहा वर्षें चाललें व त्यास सुमारें १६ लक्ष रुपये लागले. इमारतीच्या मध्यभागीं अष्टकोनी घुमट आहे. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत अशा खुबीनें गुंतविल्या आहेत कीं, तो उभारतांना खालून लांकडी कालबूत देण्याची गरज पडली नाहीं. इटलीच्या वळणाच्या गॉथिक इमारतीवर अशा प्रकारचा फासळीदार अष्टकोनी घुमट बसविण्याचा तो पहिलाच प्रसंग होय. घुमटाखालीं भव्य जिना आहे. टोकदार कमानी, गवाक्षें, शिखरिका, पन्हळींचीं प्राणिमुखें, रंगीत कांचा, हीं सारीं महामंदिराचीं अंगें येथें आलीं आहेत. परंतु नुसती नक्कल झालेली नाहीं. भिंतींवर युरोपांतील पानाफुलांबरोबर आपल्याकडील मोर आहेत, माकडें आहेत, वेली आहेत. उन्हापासून व पावसापासून निवारा मिळावा म्हणून बाहेरच्या अंगास कमानींच्या ओसऱ्या आहेत. पाहुण्या पद्धतीनें येथील हवा व येथील जीवसृष्टि ओळखून घेतली, असेंच म्हणावें लागेल.

हें काम एकट्याचें नव्हतें. घुमटावरची व शिखरांवरची मोठीं शिल्पें थॉमस अर्प या इंग्रज मूर्तिकारानें घडविलीं. दगडांतील व लांकडांतील बहुतेक नक्षी मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील विद्यार्थ्यांनीं आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं केली. स्टीव्हन्स यांचे मदतनीस अभियंते म्हणून सीताराम खंडेराव या आपल्या मराठी गृहस्थांचें नांव नमूद आहे. त्यांच्याखालीं शेंकडों पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार व ओझीं वाहणारे स्त्रीपुरुष राबले. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. शार्त्रच्या मंदिराच्या शिल्प्याचेंहि नांव आज आपणांस ठाऊक नाहीं. या दोन्ही इमारतींचें खरें साम्य मला कमानींपेक्षां या अनामिक हातांत अधिक दिसतें.

१८८६ सालीं परमपूज्य पोप तेरावे लिओ यांनीं हिंदुस्थानांत धर्मप्रांतांची नवी व्यवस्था केली, तेव्हांच आपला पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्यानंतर दुसऱ्याच वर्षीं, १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त या स्थानकास तिचें नांव देण्यांत आलें. कांहीं किरकोळ काम पुढील वर्षीं संपलें. म्हणजे हीहि एक महोत्सवी इमारतच होती. पण महोत्सव कोणाचा, हें ती उघड सांगते. महामंदिराच्या माथ्यावर जेथें क्रूस असावयाचा, तेथें घुमटावर एका हातांत मशाल व दुसऱ्या हातांत चाक घेतलेली प्रगतीची स्त्रीमूर्ति आहे. जेथें संतांचे चेहरे असावयाचे, तेथें रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे इंग्लंडचा सिंह व दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ बसले आहेत. राज्याचा व व्यापाराचा अभिमान दगडांत बोलतो आहे. तें राज्य १९४७ सालीं गेलें. १९९६ सालीं स्थानकाचें नांवहि बदललें व श्रीशिवछत्रपतींचें नांव त्यास मिळालें. कमानी मात्र ढळल्या नाहींत, कारण त्या नांवावर उभ्या नव्हत्या, आपल्या आधारांवर उभ्या होत्या. २००४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें या इमारतीस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

स्टीव्हन्स यांनीं १८८४ सालीं सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय आरंभिला होता. स्थानकासमोरच मुंबई नगरपालिकेची जी मोठी इमारत आहे, तीहि त्यांचीच कृति. तिची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्तें १८८४ सालीं बसली व १८९३ सालीं ती पूर्ण झाली. लॉर्ड रिपन हे स्वतः कॅथलिक होते, ही गोष्ट आपणांस ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या इमारतींत स्टीव्हन्स यांनीं गॉथिक कमानींबरोबर आपल्या देशांतील घुमटांची ठेवण अधिक मोकळेपणानें घेतली. त्यानंतर चर्चगेटसमोर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचें मुख्य कार्यालय त्यांनीं १८९९ सालीं पूर्ण केलें. तेथें काळसर दगडावर पांढऱ्या दगडाचे पट्टे व घुमट यांचा सुंदर मेळ जमला आहे. सरकारनें त्यांस सी. आय. ई. हा किताब दिला होता.

१९०० सालीं मुंबईंतच हिंवतापानें त्यांचा अंत झाला. वय बावन्न वर्षांचें. ज्या तापानें त्या काळीं खेड्यापाड्यांतील हजारों गोरगरीब मरत, त्याच तापानें हा मोठा शिल्पीहि गेला. शिवडीच्या दफनभूमींत त्यांचा देह विसावला आहे. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनीं पित्याचा व्यवसाय पुढें चालविला. स्टीव्हन्स हे आपल्या कॅथलिक श्रद्धेचे नव्हते. परंतु ज्या विद्येवर त्यांनीं कीर्ति मिळविली, ती विद्या ख्रिस्तसभेच्या मठवाशांनीं, बिशपांनीं व भाविक कारागिरांनीं वेदीच्या सेवेसाठीं शोधून काढिली होती. त्यांच्या पश्चात् थोड्याच वर्षांत वांद्र्याच्या डोंगरावरील मावलीचें आजचें मंदिर १९०४ सालीं, आणि कुलाब्याकडील पवित्र नामाचें मंदिर, जें आज मुंबईच्या महागुरूंचें महामंदिर आहे, तें १९०५ सालीं पुरें झालें. दोन्ही याच गॉथिक वळणाचीं. स्थानकांत गेलेली कमान अशा रीतीनें मुंबईंत पुन्हां वेदीजवळहि आली.

आतां माझ्या उत्तराकडे येतों. सेमिनरींतील त्या दिवशीं क्रुसाची खूण अर्धी सोडल्याची मला पुष्कळ दिवस लाज वाटत असे. आज वाटत नाहीं. स्टीव्हन्स यांच्या इमारतींत वेदी नाहीं हें खरें. परंतु तिच्यांत खोटेंपणा नाहीं. तिची कमान खरोखर ओझें पेलते, तिची फासळी खरोखर छत धरून आहे, तिची ओसरी खरोखर सावली देते. त्या प्रामाणिकपणांतच महामंदिराचा अंश आहे, आणि माझ्या हातानें तो ओळखला. बनेश्वराच्या घंटेचा नाद जसा तिच्या धातूंत आहे, टांगलेल्या जागेंत नाहीं, तसेंच हें. उलट, आपण जे सिमेंटाचे मनोरे उभारूं, त्यांत घंटा नसेल. आपण जी कमान चिकटवूं, ती कांहींच पेलणार नाहीं. आणि जो रंग आपण देऊं, तो दगड असल्याचें खोटें सांगेल. स्टीव्हन्स यांच्याजवळ वेदी नव्हती, पण बांधणी खरी होती. आपल्याजवळ वेदी आहे. तिच्याभोंवतीं खोटी बांधणी कां उभी करावी?

मग आपण गॉथिक शिल्प्यांपासून कांहींच घेऊं नये काय? पुष्कळ घ्यावें. त्यांनीं प्रकाशासाठीं भिंत मोकळी केली. आपल्या मंदिराच्या दक्षिणेकडील दोन खिडक्या कित्येक वर्षें फळ्यांनीं बंद आहेत, त्या उघडून मोठ्या कराव्या. त्यांनीं पाण्याचा विचार पहिल्यानें केला. आपल्या पन्हळी गळतात व पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यांत ओल धरते, ती आधीं दुरुस्त व्हावी. त्यांनीं निरक्षरांसाठीं भिंतींना बोलतें केलें. आपल्या क्रुसाच्या वाटेचीं चित्रें पुसट झालीं आहेत, तीं एखाद्या चांगल्या चित्रकाराकडून नवीं करवून घ्यावीं. शार्त्रच्या खिडकींत रोटी भाजणारा व जोडे शिवणारा यांना जागा मिळाली. आपल्याहि कामांत प्रत्येक वाडीनें, भात लावणाऱ्यापासून मोटार हांकणाऱ्यापर्यंत प्रत्येक घरानें, कांहीं तरी उचलावें. कोणीं पैसा द्यावा, कोणीं आठ दिवसांचे श्रम द्यावे, कोणीं केवळ प्रार्थना द्यावी. मनोऱ्यांसाठीं जी रक्कम योजली होती, तींतून एवढें काम होऊन शिवाय कांहीं शिल्लक राहील, असें गवंड्याशीं बोलून मीं पाहिलें आहे.

इस्राएलाच्या नियमशास्त्रांत पन्नासाव्या वर्षीं महोत्सव येई, तेव्हां शिंग फुंकून ऋणकऱ्यांना मोकळें करीत व ज्याची जमीन त्यास परत देत. महोत्सवाचा मूळ अर्थ असा हलकें करण्याचा, एकमेकांचें ओझें उतरविण्याचा आहे. टोकदार कमानींतहि हाच नियम आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे चिरे एकमेकांवर कललेले असतात. एकटा उभा केला तर त्यांतला प्रत्येक पडेल, परंतु एकमेकांच्या भारानेंच ते सर्व उभे राहतात. आपल्या या डोंगराळ मुलखांत धर्मग्रामाचीं घरें दूरदूर विखुरलेलीं आहेत. पावसाळ्यांत तर कित्येकांना रविवारीं मिस्सेस पोंचणेंहि कठीण होतें. तरीहि इतकीं वर्षें हें मंदिर उभें राहिलें, तें अशा एकमेकांवर टेकलेल्या माणसांच्या बळावर. तीं माणसें आहेत तोंवर आपल्या कौलारू छपराखालीं महामंदिराची कमान उभीच आहे, असें मी समजतों. परमेश्वर तिचा प्रत्येक चिरा आपापल्या जागीं सांभाळो, आणि या महोत्सवाच्या वर्षीं ज्या घरांत कोणाचें ओझें फार झालें असेल, त्या घराला टेकू देण्यास आपल्याला पाठवो.